मुलांची नेत्रतपासणी : पालकांनी काय जाणून घ्यावे?

पालकहो, धम्मात सांगितलेल्या सहा आयतनांत 'चक्षू'चे स्थान पहिले आहे. तरीही मुलांच्या डोळ्यांकडे आपले लक्ष सर्वांत शेवटी जाते. फळ्यावरचे न दिसणारे मूल वर्गात 'ढ' ठरते, बोलणी खाते आणि अभ्यासातून त्याचे मन उडते. "मग त्याने सांगितले का नाही?" असे आपण विचारतो. पण ज्याला पहिल्यापासून अंधुकच दिसते, त्याला इतरांना स्पष्ट दिसते हे कळणार कसे? म्हणून तक्रारीची वाट न पाहता वयाच्या तीन-चार वर्षांच्या सुमारास एकदा तपासणी करून घ्यावी.

तपासणीत घाबरण्यासारखे काही नाही. प्रथम डॉक्टर घरात कोणाला जाड चष्मा किंवा तिरळेपणा आहे का, मूल अपुऱ्या दिवसांचे होते का, हे विचारतात. नंतर एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावतात. अक्षरओळख नसलेल्या मुलांसाठी चित्रांचा तक्ता असतो. बॅटरीच्या प्रकाशात बुबुळे व तिरळेपणा पाहतात. शेवटी बाहुली मोठी करण्यासाठी थेंब घालतात. ते थोडे झोंबतात. त्यानंतर काही तास जवळचे अंधुक दिसते व ऊन सहन होत नाही, म्हणून टोपी न्यावी. काही मुलांना ॲट्रोपिनचे मलम तीन दिवस घरी लावण्यास देतात. त्याचा परिणाम आठ-पंधरा दिवस राहू शकतो. ते मुलांच्या हाती लागू देऊ नये. चेहरा लाल झाला किंवा ताप आला तर मलम थांबवून डॉक्टरांना कळवावे.

एका डोळ्याने कमी दिसत असेल तर मेंदू त्या डोळ्याचा वापर हळूहळू सोडून देतो. हाच 'आळशी डोळा'. यावर योग्य चष्मा देतात आणि गरजेप्रमाणे चांगला डोळा रोज काही तास झाकून ठेवतात. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास गुण चांगला येतो; पुढे तो कठीण होत जातो. बाहुलीत पांढरी झाक दिसली तर मात्र एक दिवसही दवडू नये.

तिरळे मूल नशीबवान असते, चष्म्याने नंबर वाढतो, चष्मा लागलेल्या मुलीचे लग्न जमत नाही, या समजुती आपण टाकून दिल्या पाहिजेत. बाबासाहेबांच्या डोळ्यांवरही चष्मा होता. अखेरच्या काळात दृष्टी मंदावली असतानाही त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ सिद्धीस नेला. त्यांच्या लेकरांना चष्म्याची लाज का वाटावी?

खर्चाची अडचणही सांगितली जाते. 2013 साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी विनामूल्य होते. त्या दिवशी मुलाला शाळेत अवश्य पाठवावे आणि पुढे पाठविण्याची चिठ्ठी मिळाल्यास ती घरात पडू देऊ नये.

'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे. तो पाळण्यासाठी मुलाला आधी फळा दिसला पाहिजे. एवढे तरी आपण करू या.

भवतु सब्ब मंगलं!