मराठी कळफलक : सवय बोटांची, ओळख अक्षराची

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठीस राजभाषेचे स्थान लाभले. कचेऱ्यांतून मराठी टंकलेखन यंत्रे रुळली आणि टंकलेखकांच्या बोटांना त्या कळफलकाची सवय जडली. पुढे संगणक आला. तेव्हा असे अनेक फाँट प्रचारात आले, की पडद्यावर मराठी अक्षर दिसे. आत मात्र इंग्रजी अक्षराचा संकेत साठविला जाई.

याचा परिणाम गावपातळीवर जाणवतो. बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी परमुलखात जाणाऱ्या एखाद्या कुटुंबातील मुलाची जुनी नोंद अशा फाँटात असेल, तर युनिकोडमध्ये नाव लिहून ती सापडत नाही. तो फाँट नसलेल्या संगणकावर तर निरर्थक चिन्हेच दिसतात.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. कळफलक ही बोटांची व्यवस्था होय. युनिकोड ही अक्षराची ओळख होय. कळांची फेररचना करणाऱ्या सॉफ्टवेअरने पहिली बदलावी. दुसरीस धक्का लागू देऊ नये.

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक प्रमाणित केला. त्यात स्वर मुख्यतः डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘बीड’ लिहिण्यास वाय, आर आणि डावा चौकटी कंस या तीनच कळा पुरतात. ‘दऱ्या’मधील ‘ऱ्या’साठी शिफ्टसह जे, पाय मोडण्यासाठी डी, नंतर ‘य’ व काना, असा क्रम आहे.

जुन्या टंकलेखकांची अडचण निराळी आहे. ‘शिरूर’ लिहिताना यंत्रावर पहिली वेलांटी आधी उमटते. युनिकोडमध्ये ‘श’ आधी साठविला जातो. ‘मायक्रोसॉफ्ट कीबोर्ड लेआउट क्रिएटर’ने प्रत्येक कळेस हवे ते अक्षर देता येते, परंतु हा क्रम उलटविता येत नाही. ‘कीमॅन’ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये तसा नियम लिहिता येतो. त्यामुळे बोटांची सवय टिकते आणि नोंदही शुद्ध राहते.

फेररचना करताना पुढील दक्षता घ्यावी :

१. सामायिक संगणकावर मूळ रचना कायम ठेवून नवी रचना स्वतंत्र नावाने बसवावी.

२. बदललेल्या कळांचा तक्ता संगणकाजवळ लावावा.

३. ‘शिरूर’, ‘दऱ्या’, ‘माजलगाव’ हे शब्द लिहून दुसऱ्या संगणकावर शोधून पाहावेत. ते सापडले, तरच ती रचना वापरात आणावी.

४. नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रारंभापासून इन्स्क्रिप्टच शिकवावा.

टंकलेखकाची बदली होते, संगणकही बदलतो. नागरिकाचे नाव मात्र कोणत्याही कचेरीत, केव्हाही सापडले पाहिजे.