उन्हाळ्याआधी उरकावी प्रवाळ टाकीतील छाटणी

झेनिया, हिरवा स्टार पॉलिप, केनिया ट्री आणि मशरूम हे मऊ प्रवाळ घरच्या रीफ टाकीत सर्वांत वेगाने पसरतात. त्यांची छाटणी फेब्रुवारीत, फार तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. पाणी तापले की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. अशा वेळी छाटलेल्या जागा सडू लागल्या, तर अमोनिया वाढून माशांसकट सगळी टाकी धोक्यात येते.

प्रत्येक प्रवाळाची पसरण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून उपायही वेगळा. हिरवा स्टार पॉलिप हरळीसारखा जांभळ्या पापुद्र्याने खडकावर सरकत जातो. पापुद्र्याची कड बोथट सुरीने उचलून तो सोलून काढावा. ठेवायचाच असेल, तर वाळूत सुट्या खडकावर, मुख्य रचनेपासून आणि काचेपासून वीतभर अंतरावर ठेवावा. झेनिया उभा दुभंगून वाढतो आणि हळूहळू जागाही बदलतो. वरून कापलेला बुंधा पुन्हा फुटतो, त्यामुळे खालच्या खडकाचा थर खरवडूनच तो काढावा. दुकानात नवख्या माणसाला झेनिया स्वस्तात मिळतो, त्याचे कारण हेच. केनिया ट्री फांद्यांची टोके आपणहून गाळतो आणि ती प्रवाहाबरोबर जाऊन कुठेही रुजतात. छाटताना पंप बंद ठेवून खाली जाळी धरावी.

मशरूम सर्वांत चिवट. सरकताना मागे राहिलेल्या पायाच्या कणातूनही नवा जीव उभा राहतो, म्हणून त्याला टाकीत कापू नये. शक्य असेल तर तो खडकासकट बाहेर काढावा. ते जमत नसल्यास कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओ पाण्यात घट्ट कालवून, पंप थांबवून, सिरिंजने त्याच्यावर थापावे. एका वेळी दोन-तीनच मशरूम घ्यावेत; लेप जास्त झाला तर पाण्याचा सामू झपाट्याने चढतो.

पॅलिथोआ आणि झोआ या पॉलिपांबाबत मात्र हयगय नको. यांतील काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना हात लावू नये. असा खडक कधीही उकळू नये, गरम पाण्याने धुऊ नये किंवा कोरडा घासू नये. वाफ आणि तुषार श्वासात गेल्याने घरातली माणसे रुग्णालयात दाखल झाल्याची उदाहरणे आहेत.

छाटणीनंतर मऊ प्रवाळ पाण्यात रसायने सोडतात आणि ती शेजारच्या दगडी प्रवाळांना बाधतात. त्यासाठी फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा घालावा व दहा ते वीस टक्के पाणी बदलावे. फैलाव पुन्हा पुन्हा होत असेल, तर खाद्य कमी करावे. नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले की मऊ प्रवाळ फोफावतात. दोन्ही शून्यावर आणणेही चुकीचे. त्याने दगडी प्रवाळ फिके पडतात.

एप्रिल-मे महिन्यांत तापमान 25 ते 27 अंशांच्या आसपास ठेवावे. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत पाण्यावर सोडलेला पंखा दोन-तीन अंशांचा फरक पाडतो, पण बाष्पीभवनही तितकेच होते. घटलेले पाणी आरओच्या गोड्या पाण्याने भरावे. मिठाचे पाणी घातल्यास क्षारता दर हजारी 35 च्या वर जाते. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत पंख्याचा भरवसा धरू नये, तिथे चिलरच लागतो. वीज जाते त्या भागात बॅटरीवरचा हवापंप तयार असावा.

मालवण किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणण्याचा विचारही करू नये. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे.

छाटलेले तुकडे खाडीत, समुद्रात किंवा गटारात टाकू नयेत. युनोमिया हा इंडो-पॅसिफिकमधला मऊ प्रवाळ मत्स्यालयांच्या व्यापारातून व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर पोहोचला आणि तिथले खडक व सागरी गवत त्याने झाकून टाकले. पुढे तो हवाईच्या पर्ल हार्बरमध्येही सापडला. तुकडे ओलसर असतानाच पिशवीत बंद करून कचऱ्यात द्यावेत आणि टाकीतून काढलेले पाणी ब्लीच घालून मगच सोडावे.