पहिला क्लास अर्धाच करा

कोथरूडमध्ये आता दर दोन चौकांआड एक तरी ‘फंक्शनल ट्रेनिंग’चा क्लास सापडतो. कुठे गच्चीवर पत्र्याखाली, कुठे सोसायटीच्या क्लबहाउसात. पहाटे सहाची बॅच, भिंतीवर लाल आकड्यांचा टायमर, फळ्यावर लिहिलेला आजचा बेत आणि शेजाऱ्यांची झोप उडवणारी गाणी. नव्या माणसाला पहिला क्लास फुकट. मला आधी बोलायचंय ते या फुकटाबद्दल.

ज्या शरीराला सवय नाही, त्याला पहिला दिवस सर्वांत हलका हवा. धंद्याचं गणित मात्र उलटं चालतं. ट्रायलला आलेल्याला काहीतरी जबरदस्त केल्यासारखं वाटलं, तरच तो तीन महिन्यांचे पैसे भरणार. आणि आपणही काही कमी नाही. घाम किती आला, धाप किती लागली, दुसऱ्या दिवशी अंग किती दुखलं, यावरून आपण क्लासची किंमत करतो. “काल काय घेतलंय आमच्याकडून!” असं लोक कौतुकानं सांगतात, “काल अगदी हलकं झालं, मजा आली” असं सांगणारा मला अजून भेटलेला नाही. देणाऱ्यालाही जास्तच द्यायचं असतं, घेणाऱ्यालाही जास्तच हवं असतं, आणि मध्ये मांड्या सापडतात.

मी गेले ती चाळिशी उलटल्यावर, बँकेतल्या खुर्चीची सवय झालेलं शरीर घेऊन. धाकधूक होती, पण ती हृदयाची किंवा गुडघ्यांची नव्हती. हसं होईल याची होती. पोरंसोरं उड्या मारतील आणि आपण खांबाला धरून उभ्या, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना. नवख्या माणसाची भीती बहुतेकदा हीच असते, आणि तीच घातक ठरते; कारण हसं टाळायला माणूस थांबायचं तेव्हा थांबत नाही.

त्या दिवशी फळ्यावर स्क्वॉट, लंजेस, बर्पी आणि खोक्यावर उड्या होत्या. वीस मिनिटांत जितके राउंड बसतील तितके करायचे. ट्रायलची आम्ही दोघंच होतो: मी आणि आयटी कंपनीतला तिशीच्या आतबाहेरचा एक मुलगा. कोच आमच्यापेक्षा लहान, उत्साही, वागायला गोड. आधी व्यायाम करता का, एवढंच त्यानं विचारलं. औषधं चालू आहेत का, नुकता ताप येऊन गेलाय का, काल झोप झाली का, हे काही विचारलं नाही. टायमर सुरू झाला आणि “कम ऑन मॅम, लास्ट टेन!” सुरू झालं. ते ‘लास्ट टेन’ संपले की पुढचे लास्ट टेन यायचे.

मी निम्म्यातून बाहेर पडले, ते काही शहाणपणानं नाही. दोन बाळंतपणं झालेल्या बाईला उड्या मारायला लावलं की काय होतं, ते फळ्यावर लिहिणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. थेंब थेंब लघवी होऊ लागली. मी बाथरूम गाठलं आणि टायमर थांबेपर्यंत तिथेच दम खात बसले. बाहेर आले तेव्हा त्या मुलानं वीसच्या वीस मिनिटं पूर्ण केली होती, सगळी बॅच टाळ्या वाजवत होती, फोटो काढणं चाललं होतं.

पुढचे दोन-तीन दिवस मी कठड्याला धरून जिना उतरत होते. हे दुखणं नेहमीचंच. नव्या व्यायामानंतर ते साधारण 24 ते 72 तासांत शिगेला जातं आणि मग ओसरतं. त्या मुलाचं दुखणं ओसरलं नाही. मांड्या टणक सुजल्या, पाय दुमडेनात, आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला. रुग्णालयात सलाइनवर काही दिवस काढून तो धडधाकट घरी आला, पण रक्तातला सीपीके हा स्नायूंच्या इजेचा निर्देशांक, जो एरवी दोनशेच्या आसपास असतो, तो त्याचा हजारोंत गेला होता.

या विकाराला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि ते गाळता गाळता मूत्रपिंडं अडचणीत येतात. मूत्रपिंडांशी असलेलं हे नातं वैद्यकाला स्पष्ट दिसलं ते 1941 मध्ये, लंडनवरच्या बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांवरून. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी ती नोंद केली. ढिगारा आणि ट्रायल क्लास यांचं नाव एका दमात घ्यावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. पण पहिल्याच स्पिनिंग क्लासनंतर, म्हणजे जागच्या जागी सायकल मारण्याच्या क्लासनंतर, तरुण निरोगी माणसांना हे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. हे नेहमी घडत नाही, फार क्वचित घडतं. पण घडतं तेव्हा ते बरेचदा याच साच्यात घडतं: शरीर नवखं, हालचाल अनोळखी, संख्या अफाट, आणि आजूबाजूला थांबू न देणारा जमाव.

घरी सासऱ्यांना हे सांगितलं. ते कोल्हापूरचे, ऐन तारुण्यात तालमीत घुमलेले. त्यांनी एकच विचारलं, “पोरी, पहिल्या दिवशी किती बैठका मारल्या म्हणायच्या त्या पोरानं?”

“शंभराच्या वर, अण्णा.”

“आणि वस्ताद काय करत होता?”

“गाणं बदलत होता.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “आमच्याकडनं पहिला आठवडाभर नुसती माती उकरून घेतली. जोर-बैठका नंतर, त्यापण वीस-पंचवीस. पोरगं जास्त मारायला लागलं की वस्ताद शिव्या द्यायचा.”

तालमीचं सगळंच सोनं होतं असं मी म्हणत नाही; वस्तादाच्या काठीचे आणि कायमच्या धरलेल्या गुडघ्यांचे किस्सेही अण्णांकडेच ऐकलेत. पण संख्या हळूहळू चढवायची, ही गोष्ट तिथे पक्की होती, आणि तिला आज शास्त्राचाही दुजोरा आहे. न सवयीच्या व्यायामाची एक छोटी मात्रा दिली, की तेच स्नायू पुढच्या वेळी त्याच व्यायामानं पुष्कळ कमी दुखावतात, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. व्यायामशास्त्रात याला ‘रिपीटेड बाउट इफेक्ट’ म्हणतात. मुद्दा असा की, या संरक्षणासाठी शंभर बैठका लागत नाहीत, थोडक्यात काम होतं. म्हणून ट्रायलला निम्मंच करून परतलेला माणूस भित्रा ठरत नाही. पुढच्या क्लासची तयारी त्यानं करून ठेवलेली असते.

मग ते प्रसिद्ध व्यायाम आले कुठून, याची मला उत्सुकता लागली. बर्पीचंच घ्या. रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकी माणसानं 1930 च्या दशकात ती बसवली, तीही माणसाची क्षमता अजमावण्याची चाचणी म्हणून. मोजक्या वेळा करायची, आधी आणि नंतर नाडी बघायची, झालं. दंड नाही, वर उडीही नाही. ते सगळं नंतर चिकटलं. चाचणीची शिक्षा आपण केली. ‘टबाटा’चंही तसंच. 20 सेकंद जोर, 10 सेकंद विश्रांती, असं चार मिनिटं. इझुमी टबाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1996 चा तो अभ्यास जपानमधल्या शारीरिक शिक्षणाच्या तरुण विद्यार्थ्यांवर, तोल सांभाळायची गरज नसलेल्या स्थिर सायकलवर झाला होता. ती पोरं रोजचीच मैदानावरची. त्यांच्या मोजमापाचा टायमर कोथरूडमधल्या बँकवालीच्या गळ्यात बांधून खोक्यावर उड्या मारायला लावायच्या, हे त्या अभ्यासात कुठेही नाही.

हा दोष परदेशी व्यायामाचा आहे असंही कुणी समजू नये. रथसप्तमीला एरवी चटईही न उलगडणारी माणसं सामूहिक 108 सूर्यनमस्कारांना उभी राहतात आणि दुसऱ्या दिवशी खांदे धरून बसतात. सूर्यनमस्कारात काही वाईट नाही. 108 मध्येही नाही. ते पहिल्याच दिवशी घालण्यात आहे.

आता जाणाऱ्यांसाठी. जाऊ नका असं मी सांगणार नाही. मी स्वतः दुसऱ्या एका बॅचला जाते आणि मला ते आवडतं. एकटीनं घरी मी व्यायाम कधी टिकवला नव्हता. इथे चार ओळखीची तोंडं वाट बघत असतात, म्हणून उठणं होतं. पण क्लास निवडताना मशिनं आणि आरसे बघण्याऐवजी सध्याची बॅच दहा मिनिटं बाहेरून बघा. कुणी मध्येच थांबलं तर कोच काय करतो? जवळ जाऊन “ठीक ना?” विचारतो, का लांबूनच ओरडतो? सगळ्यांना उचलायला सारखंच वजन दिलंय का? जिथे पन्नाशीच्या काकू खुर्चीवर बसून-उठून स्क्वॉट करताहेत आणि त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही, तो क्लास चांगला.

क्लास सुरू व्हायच्या आधीच कोचला सांगून टाका, “मी आज निम्मंच करणार आहे.” हे वाक्य टायमर सुरू झाल्यावर तोंडातून निघत नाही, हे लक्षात ठेवा. दहाच्या जागी पाच, उडीच्या जागी पाऊल, बर्पीच्या जागी टेबलाला हात टेकून मागे-पुढे. मागच्या रांगेत, दाराजवळ उभं राहा. वेग जोखायला महागडं घड्याळ लागत नाही: एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. पहिले दोन-तीन आठवडे तरी, शब्द तुटायला लागले की थांबायचं. वरून सावकाश खाली येण्याच्या हालचाली, म्हणजे स्क्वॉटमध्ये खाली बसणं, पुल-अपच्या दांड्यावरून हळूहळू उतरणं, स्नायूंना सर्वांत जास्त दुखावतात. करताना जाणवलं नाही, तरी दोन दिवसांनी ते कळतं. त्यांची संख्या सुरुवातीला कंजूषपणेच ठेवा.

छातीत दडपण, चक्कर, जिना चढताना नवी धाप, घरात कमी वयात हृदयविकार, चालू असलेली रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधं, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय बॅच नको. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणाऱ्यांनी तर हे नक्कीच विचारावं. एक गोष्ट विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगते. सिकलसेलचा वाहक असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो, पण उन्हात, पाणी न पिता, न थांबता केलेल्या अतिश्रमात त्याचे स्नायू ढासळण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. वाहक असल्याचं माहीत असेल तर कोचला सांगा आणि मधल्या विश्रांतीशी तडजोड करू नका. मे महिन्यात पत्र्याखालच्या क्लासला हे सगळ्यांनाच लागू.

अंग दुखतंय म्हणून लगेच आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक जातीची गोळी घेऊन पुन्हा क्लासला पळू नका. घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडांवर आणखी ताण टाकतात. साधं दुखणं दोन्ही पायांत सारखं असतं आणि चालू-फिरू लागलं की सैल पडतं. सूज वाढतेय, हात-पाय दुमडत नाही, ताकदच गेल्यासारखी वाटतेय, लघवी गडद झालीय, यांतलं एक जरी असलं तर हळदीचं दूध पीत वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि “परवा नवा व्यायाम केला” हे पहिल्या वाक्यात सांगा. लघवीचा रंग नेहमीसारखा असूनही हा विकार असू शकतो, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नका.

आणि बायकांसाठी, जे बायकाच एकमेकींना कुजबुजत सांगतात: उडी मारताना लघवी होणं हे पुष्कळजणींना होतं, पण ‘वयच झालं’ म्हणून सोडून द्यायची ती गोष्ट नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात, आणि शिस्तीनं केलं तर पुष्कळ फरक पडतो. मी काही महिने ते केलं. दोरीच्या उड्या अजून जपूनच मारते, पण काळी पँट घालायची सक्ती राहिलेली नाही. तोवर उडीच्या जागी पाऊल टाकायचं. कोचला कारण सांगायला हवंच असं नाही, “मला उड्या वर्ज्य आहेत” एवढं पुरतं.

राहिलं ते खंडाचं. गणपती, मग पितृपक्षात गावी जाणं, मग दिवाळी, असं करत दीड-दोन महिने सहज जातात. मधे डेंगी किंवा साधा व्हायरल ताप आला तर आणखी. परत येताना डोक्यात जुना आकडा असतो, शरीरात नसतो. जुनी बॅच, ओळखीचा कोच, तेच गाणं, त्यामुळे आपण नवखे उरलो नाही असं वाटतं. परवाच दिवाळीनंतर आलेल्या एका मैत्रिणीनं पूर्वीचंच वजन उचललं, तेव्हा आमच्या कोचनं तिच्या हातातून केटलबेल काढून घेतली आणि तिला पहिल्या आठवड्याचा हलका बेत वहीत लिहून दिला. ती जरा फुगली होती. पण दुसऱ्या दिवशी सहाला आली.