जवान घरी येतो तेव्हा

पालघरच्या हुतात्मा चौकात दरवर्षी 14 ऑगस्टला आपण 1942 च्या चळवळीतल्या पाच हुतात्म्यांना मानवंदना देतो. गेलेल्यांचा मान आपल्या गावांना राखता येतो. परदेशातली कामगिरी करून जिवंत परतलेल्याचा मान कसा राखायचा, ते पोरांनो, आज सांगतो.

फौजेत टेरिटोरियल आर्मीचेही जवान असतात. एरवी नोकरी-धंदा करायचा आणि बोलावणं आलं की वर्दी चढवायची, असं त्यांचं जगणं. 1987 ते 1990 या काळात श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेतही ते होते. त्या मोहिमेत आपले सुमारे 1,200 जवान कामी आले. शेवटची तुकडी 1990 च्या मार्चमध्ये मद्रासला उतरली, तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्वागताला गेले नाहीत. असं कुणाच्याही वाट्याला येऊ नये. आजही आपले जवान संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत काँगो, दक्षिण सुदान, लेबनॉनला जातात आणि महिनोन्‌महिने तिकडे राहतात.

असा जवान परतणार असेल, तर आधी घरच्यांना विचारा. मिरवणूक हवी की नको, हे त्याची आई आणि बायको ठरवतील. पहिला दिवस घराचाच. दारात पाय धुवावेत, भाकरतुकडा ओवाळून टाकावा, औक्षण करावं आणि त्याला जेवून झोपू द्यावं. गावच्या मंडळाने चार-पाच दिवस थांबावं.

येण्याची वेळ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. कोणती तुकडी, कोणती गाडी, बोईसरला किती वाजता उतरणार, हे स्टेटसला टाकायचं नसतं. फोटोही त्याला विचारूनच.

फटाके आणि डीजे नकोत. स्फोट ऐकून आलेल्या माणसाच्या कानाशी सुतळी बॉम्ब लावणं म्हणजे सत्कार नव्हे. वाजवायचंच असेल तर आपला तारपा आहे, लेझीम आहे.

सत्कार छोटा ठेवा. बॅनरवर त्याचं नाव आणि हुद्दा घरच्यांकडून तपासून घ्या. पुढाऱ्यांच्या फोटोंची रांग लावू नका. पहिली शाल त्याच्या बायकोला किंवा आईला द्या, कारण तो नसताना आजारपण, शाळा, शेती सगळं तिनेच ओढलं. बोलायचं की नाही, हे त्याच्यावर सोडा. ‘किती जणांना मारलंस?’ हा प्रश्न कुणीही, कधीही विचारायचा नाही. पोरांनाही आधीच बजावून ठेवा.

त्याची जागा त्याला परत द्या. तारापूर एमआयडीसीतल्या मालकांनो, हे तुमच्यासाठी. टेरिटोरियल आर्मीच्या सेवेसाठी गेलेल्या कामगाराला परतल्यावर कामावर घेणं ही मालकाची जबाबदारी आहे, तसं 1948 च्या कायद्यातच आहे. हार घालायचा आणि हजेरीपटावरून नाव उडवायचं, हा अपमान आहे. त्याची पाळी, त्याचं मशीन, त्याची ज्येष्ठता जशीच्या तशी ठेवा.

तापाकडे दुर्लक्ष करू नका. आफ्रिकेतून आलेल्याला पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘हा काँगोत होता’ किंवा ‘दक्षिण सुदानमध्ये होता’. तिथला मलेरिया जिवावर बेततो आणि घरी परतल्यावरही डोकं वर काढतो. अंगावर काढू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. तिथे सुरू करून दिलेल्या मलेरियाच्या गोळ्या असतील तर त्या पूर्ण घ्यायला लावा.

गप्प राहिला तर राहू द्या, पण एकटा सोडू नका. रात्री झोप नसेल, चिडचिड वाढली असेल, दारू वाढली असेल, तर त्याला भित्रा ठरवू नका. शेजारी जाऊन बसा. 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. तो नंबर घरच्यांच्या मोबाईलमध्ये घालून द्या.

कागदाची कामं गावाने करावीत. रेशनकार्ड, सातबारा, बँकेचं केवायसी अशी कामं तो नसताना साचलेली असतात. गावातल्या दोन शिकलेल्या पोरांनी सोबत जावं. निवृत्त होऊन आला असेल, तर माजी सैनिकांना घरपट्टी माफ करणारी राज्याची योजना 2020 पासून आहे. ग्रामपंचायतीने तो अर्ज त्याच्या घरी नेऊन भरून घ्यावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही त्याची नोंद करून द्या.

ज्याचा सोबती परतला नाही, त्याला जपा. सत्काराच्या दिवशी त्या सोबत्याचं नाव आधी घ्या आणि दोन मिनिटं उभे राहा. तो सोबती याच जिल्ह्यातला असेल, तर मंडळाने त्याच्या घरी जाऊन यावं आणि दरवर्षी जात राहावं.

शेवटचं सांगतो. कारखान्यांच्या गेटवर रात्रपाळी करणाऱ्या वॉचमनमध्ये कितीतरी माजी सैनिक आहेत. त्यातला एखादा श्रीलंकेतून आलेला असेल आणि त्याच्या दारात तेव्हा कुणी उभं राहिलं नसेल. उद्या येता-जाता त्यांना विचारा, ‘काका, तुम्ही फौजेत कुठे होतात?’ येत्या 26 जानेवारीला शाळेच्या झेंडावंदनाला त्यांना बोलवा आणि पहिली खुर्ची त्यांना द्या.