फ्रेंच शिफॉन आणि मराठी नेसण

'फॅशन' हा शब्द आपल्या घरांतून अद्याप बहुधा टीकेच्या सुरातच उच्चारला जातो. मुलीने केस कापले किंवा मुलाने तंग पँट घातली, की 'हल्ली फार फॅशन सुटली आहे' असे वडीलधारी माणसे म्हणतात. फॅशनचे माहेर पॅरिस, हेही त्यांनी गृहीतच धरलेले असते. गंमत अशी की, हीच मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला यवतमाळच्या बाजारात जातात, तेव्हा दुकानदारापुढे बसून एकामागून एक फ्रेंच नावेच घेत असतात. वायल हा मूळ फ्रेंच शब्द, त्याचा अर्थ बुरखा किंवा झिरझिरीत आवरण. शिफॉन म्हणजे फ्रेंच भाषेत चिंधी! जॉर्जेट हे नाव जॉर्जेत नावाच्या एका फ्रेंच शिवणकर्तीचे. डेनिम म्हणजे फ्रान्समधील नीम गावचे कापड, असे मानतात. तेव्हा फ्रेंच वळण घरात येऊ द्यावे की नाही, हा वाद घालण्याची वेळ कधीच निघून गेली आहे. ते आले, आणि आल्यावर आपण त्याचे काय केले, एवढाच विचार आता करता येतो.

शिवाय हा प्रवाह एकाच दिशेने वाहिलेला नाही. आपली छीट सतराव्या शतकात फ्रान्समध्ये इतकी लोकप्रिय झाली, की तेथील रेशीम व लोकर विणणाऱ्यांचे धंदे वाचविण्यासाठी १६८६ साली सरकारला छापील सुती कापडावर बंदी घालावी लागली. ती १७५९ पर्यंत टिकली. मात्र बंदीच्या काळातही चोरट्या छिटेचे झगे अंगावर दिसतच होते! पुढे १७८३ मध्ये राणी मारी आंत्वानेत हिचे पांढऱ्या मलमलीच्या साध्या झग्यातील चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागले. राणी आतल्या कपड्यांत बसल्यासारखी दिसते, असा गवगवा झाला. लिओंच्या रेशमाकडे तिने पाठ फिरवली, हाही राग त्यात होताच. शेवटी चित्र उतरवावे लागले. परक्या कापडावरून घरच्या माणसांनी कपाळाला आठ्या घालण्याचा हा प्रकार केवळ आपल्याकडचाच आहे असे समजण्याचे कारण नाही.

आता आपल्या माणसांकडे वळू. फ्रेंच कापड भारतीय वेषात मुरवण्याचे श्रेय ज्या स्त्रीला दिले जाते ती मराठी होती. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आणि महाराणी चिमणाबाई यांची कन्या इंदिराराजे, जन्म १८९२. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्याशी त्यांचा विवाह ठरला होता. १९११ च्या दिल्ली दरबारानंतर त्यांनी स्वतःच पत्र लिहून तो मोडला आणि १९१३ साली लंडनमध्ये कुचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी लग्न केले. एका राजकन्येने आपल्या लग्नाचा निर्णय असा आपणच घ्यावा, याचा त्या काळी केवढा गहजब झाला असेल! त्यानंतर १९२२ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, पाच मुले पदरात असताना त्यांना वैधव्य आले.

हे वर्ष नीट ध्यानात घेतले पाहिजे. महर्षी कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला त्याला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती, तरी महाराष्ट्रातील कित्येक ब्राह्मण घरांत केशवपन आणि लाल आलवण चालूच होते. इतर घरांत विधवेने रंग टाकायचा, दागिना टाकायचा आणि समारंभात पुढे यायचे नाही, हा नियम होता. विधवेचे वस्त्र हे तिने दिसू नये म्हणून असे. इंदिरादेवींनी पांढरा रंग स्वीकारला, पण दिसायचे नाही ही अट स्वीकारली नाही. त्यांनी फ्रान्समधून शिफॉन मागवली. युरोपात झग्यासाठी विणलेल्या कापडाचा पन्हा साडीला पुरेलच असे नाही, म्हणून ४५ इंच पन्ह्याची शिफॉन त्यांनी खास तयार करवून घेतली, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात वाचायला मिळते. पांढऱ्या शिफॉनची ती साडी नेसून त्या अल्पवयीन मुलाच्या वतीने राज्याचा कारभार पाहत होत्या. पाहता पाहता इतर संस्थानांतील राण्यांनीही शिफॉन उचलली, आणि एका विधवेचे वस्त्र सौभाग्यवतींची फॅशन झाले. मला या हकिगतीतील हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्यांच्या खर्चिकपणाची बाजू घेण्याचा येथे हेतू नाही. इटलीतील फेरागामोकडून त्या शंभरावर जोडे मागवीत, आणि संस्थानिकांच्या हौसेचे पैसे शेवटी कोणाच्या शेतातून येत, हे कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात सांगण्याची गरज नाही. परंतु आपल्या अभ्यासाचा मुद्दा निराळा आहे. इंदिरादेवींनी पॅरिसचा झगा घेतला नाही. त्यांनी तेथले कापड घेतले आणि त्याला साडीच्या मापात यायला लावले. निऱ्या आपल्या, पदर आपला, नेसण्याची रीत आपली. साडीसाठी फ्रेंच कारागिराला माग बदलावा लागला, साडीला झगा व्हावे लागले नाही.

प्रवासाच्या बाबतीत याचे एक लहानसे उदाहरण बडोद्याच्याच घराण्यात सापडते. सयाजीराव १८८७ मध्ये प्रथम युरोपला गेले आणि पुढे वरचेवर जात राहिले. त्यांच्यासाठी पॅरिसच्या लुई व्हिताँ या पेढीने १९२६ साली एक पेटी बनवली. ती होती चहाच्या सरंजामाची. पेटी फ्रेंच, सवय मात्र घरची! आपण एस. टी.ने पुसदहून यवतमाळला येणारी माणसे. आपल्याला असल्या पेट्यांचे काय, असे कोणी म्हणेल. परंतु प्रवासात मोजकेच पण एकमेकांना शोभणारे कपडे घ्यावेत आणि प्रत्येक वस्तूला पेटीत तिची जागा असावी, ही शिस्त कातडी ट्रंकेइतकीच कापडी पिशवीतही पाळता येते. शिफॉनची साडी मुठीएवढी घडी होऊन बसते, तिला खळ लागत नाही, हा प्रवासातला तिचा खरा गुण.

घराच्या सजावटीचे उदाहरण पाहायचे तर बडोद्याहून इंदूरला जावे लागेल. होळकरांचे शेवटचे महाराज यशवंतराव (जन्म १९०८) यांनी १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग हा प्रासाद उभारला. वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस जर्मन, पण आतील सामानात पॅरिसच्या कलावंतांचा मोठा वाटा होता. लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स यांनी धातू व काच वापरून पलंग केले, रूलमान याने अभ्यासिकेचे टेबल केले, आणि आयलीन ग्रे हिची 'ट्रान्सॅट' खुर्ची आली. आगबोटीच्या डेकवरील खुर्चीवरून सुचलेली ही खुर्ची पाहिली, की आपल्या ओसरीवरच्या कॅनव्हासच्या आरामखुर्चीची आठवण येते. बर्नार बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांची दोन चित्रे काढली. एकात ते काळ्या पाश्चात्त्य सूटमध्ये उभे आहेत, दुसऱ्यात पांढऱ्या मराठी पोशाखात गादीवर बसले आहेत. दोन्ही वेष त्यांना सारखेच शोभतात.

माणिकबाग सुंदर होती यात शंका नाही. परंतु ती जशीच्या तशी युरोपातून आणून ठेवलेली होती. इंदूरच्या सुताराने त्या खुर्चीसारखी खुर्ची केली, माळव्यातील एखाद्या वाड्यात तसा दिवा लागला, असे घडले नाही. १९८० मध्ये ते सामान मोनॅको येथे लिलावात विकले गेले. २०१९ साली पॅरिसच्या संग्रहालयात त्याचे प्रदर्शन भरले, आणि इमारतीत आता अबकारी व सीमाशुल्क खात्याची कचेरी आहे. शिफॉन मात्र राजवाड्यातून उतरून गल्लीतल्या दुकानापर्यंत आली. 'चांदनी' (१९८९) या चित्रपटानंतर तर तिला ऊतच आला. दोन्हींत फरक पडला तो येथे: एक वस्तू आपल्या नेसणीत शिरली, दुसरी आपल्या ओसरीवर कधी आलीच नाही.

तरीही यवतमाळच्या मुलींनी सरसकट शिफॉन घ्यावी असे मी म्हणणार नाही. मूळची शिफॉन रेशमाची होती. उलटसुलट घट्ट पीळ दिलेल्या बारीक सुतामुळे तिला ती किंचित चुरगळलेली, अंगाबरोबर पडणारी झाक येते. आज तीन-चारशे रुपयांत मिळते ती पॉलिएस्टरची. रेशीम हवेतील आर्द्रता आपल्या वजनाच्या सुमारे ११ टक्के धरून ठेवते, कापूस सुमारे ८ टक्के, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा लग्नाच्या मांडवात पॉलिएस्टर नेसून बसलेल्या बाईचे काय हाल होतात, ते तिच्या मागे बसून पाहावे. शंका असेल तर पदराच्या टोकाचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. रेशमाला जळत्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. आमच्या वस्त्रशास्त्राच्या प्रात्यक्षिकात हा प्रयोग असतो, पण दुकानात जाण्यापूर्वी आयांनाही शिकवण्यासारखा आहे.

आपल्या हवेला शोभणारे फ्रेंच नावाचे कापड म्हणजे वायल. ती कापसाची, घट्ट पीळ दिलेल्या बारीक सुताची, विरळ विणीची. म्हणून वारा आरपार जातो आणि कापड चोळामोळाही होत नाही. कापूस आपला. तो वाहून नेण्यासाठीच इंग्रजांच्या काळात मूर्तिजापूरची 'शकुंतला' रेल्वे यवतमाळपर्यंत आली होती. फिकट रंगाची एक वायल, तिला नीट मापाचे पोलके आणि वर एखादाच दागिना, यापेक्षा अधिक पॅरिसवाले तरी काय सांगतात? वायलच्याच जुन्या साडीचे पडदे पश्चिमेच्या खिडकीला लावले तर उजेड मऊ होतो आणि खोली कोंदट होत नाही. धुताना मात्र एक काळजी घ्यावी. खळ अगदी पातळ असावी, साडी सावलीत वाळवावी आणि किंचित दमट असतानाच इस्त्री फिरवावी. जाड खळीने विणीतील भोके बुजतात, आणि मग वायल नेसली काय नि मांजरपाट नेसला काय, उन्हाळ्यात दोन्ही सारखेच.