सांगणारा एक, लिहिणारा दुसरा

आत्मचरित्र म्हणजे ज्याचें त्यानें स्वहस्तें लिहिलेलें चरित्र, अशी आपल्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांची समजूत असते. ती सर्वस्वीं खरी नाहीं. महाभारत सांगणारे व्यास आणि तें लिहून घेणारा गणपति ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. अर्थ उमगल्यावांचून एक अक्षरहि लिहावयाचें नाहीं, अशी व्यासांची अट होती. पाश्चात्य ग्रंथव्यवहारांत हें लेखनिकाचें काम करणारांचा आज एक वर्गच आहे, व त्यांतील पुष्कळसे मूळचे वृत्तपत्रकार असतात. त्यांपैकीं एकाचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

जेम्स फॉक्स हे ब्रिटिश लेखक लंडनच्या 'संडे टाइम्स' पत्रांत काम करीत. १९६९ सालीं सिरिल कॉनली या नामांकित टीकाकाराबरोबर त्यांनीं एका जुन्या खुनाचा शोध आरंभिला. केनियांत नैरोबीजवळ १९४१ च्या जानेवारींत लॉर्ड एरल यांस कोणीं तरी गोळी घालून ठार केलें होतें. ज्या गृहस्थावर खटला झाला ते निर्दोष सुटले. कॉनली १९७४ सालीं वारले. त्यांचीं टिपणें हातीं घेऊन फॉक्स यांनीं तें काम तडीस नेलें, आणि १९८२ सालीं 'व्हाइट मिस्चिफ' हें पुस्तक बाहेर पडलें. इतक्या जुन्या घटनेचे साक्षीदार हुडकावयाचे, प्रत्येकाचें म्हणणें शांतपणें ऐकावयाचें, त्यांतील विसंगति टिपावयाची, आणि तरीहि बोलणाराचा विश्वास गमवावयाचा नाहीं! आमच्या मतें फॉक्स यांचें खरें शिक्षण येथेंच झालें.

'रोलिंग स्टोन्स' या १९६२ सालीं स्थापन झालेल्या रॉक वाद्यवृंदांतील गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांच्याशीं फॉक्स यांचा स्नेह १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, वृत्तपत्राच्या कामानिमित्त जुळला. पुढें २०१० सालीं रिचर्ड्स यांचें 'लाइफ' हें साडेपांचशेंहून अधिक पृष्ठांचें आत्मचरित्र प्रसिद्ध झालें. त्यावर रिचर्ड्स यांच्या नांवाबरोबर फॉक्स यांचेंहि नांव आहे. पुष्कळ सहलेखकांच्या वाट्यास एवढेंहि येत नाहीं. त्यांचें नांव आभाराच्या ओळींत दडलेलें असतें, किंवा मुळींच नसतें.

रिचर्ड्स यांस हेरॉइन या घातक मादक द्रव्याचें व्यसन जडलें होतें, व त्यापायीं १९७७ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें त्यांस अटकहि झाली. पुस्तकांत हें झांकलेलें नाहीं. (हें पुस्तक कोंवळ्या वयाच्या मुलांच्या हातीं देण्याजोगें नाहीं, इतकें पालकांस सांगून ठेवितों.) अशा मनुष्याच्या स्मरणावर कितपत विसंबावें? येथें सहलेखकाची कसोटी लागते. बोलणाराची भाषा, त्याचा विनोद, त्याचा राग हीं जशींच्या तशीं उतरलीं पाहिजेत. लेखनिकाची शैली मध्यें डोकावली कीं पुस्तक खोटें वाटूं लागतें. पण केवळ मान डोलावून लिहून घेतलें, तर तें चरित्र न राहतां बढाई होते. 'लाइफ' मध्यें इतरांच्या साक्षीहि ठिकठिकाणीं घातल्या आहेत. त्यांहून मोलाचें एक जुनें पत्र आहे. १९६१ सालीं डार्टफर्डच्या आगगाडी-स्टेशनावर बगलेंत तबकड्या घेतलेला मिक जॅगर हा बालपणचा सोबती रिचर्ड्स यांस पुन्हां भेटला. ती हकीकत रिचर्ड्स यांनीं १९६२ सालीं आपल्या मावशीस पत्रानें कळविली होती. सुमारें पन्नास वर्षांनीं सांगितलेली आठवण आणि त्याच वेळचें पत्र यांतील फरक आमच्या विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावा. इतिहासाच्या तासास तो उपयोगी पडेल.

एक गोष्ट मात्र सहलेखकासहि साधत नाहीं. याच जॅगरविषयीं या पुस्तकांत बरेंच कठोर लिहिलें आहे. निवेदन रिचर्ड्स यांचें, तेव्हां न्यायनिवाडाहि त्यांचाच. जॅगर यांनीं स्वतःचें आत्मचरित्र लिहिण्याचें एकदां मनावर घेतलें होतें, पण तें सोडून दिलें. म्हणून या दोन मित्रांच्या तंट्याची एकच बाजू आत्मचरित्राच्या रूपानें वाचकांपुढें आली आहे.