प्ले-ऑफचे गणित आणि आपली बाजू



आयपीएलचे साखळी सामने संपत आले आणि गुजरात टायटन्स व मुंबई इंडियन्स हे दोन्ही संघ पहिल्या चारांत आले, की सुरतेतल्या मराठी घरांत एक निराळाच प्रश्न उभा राहतो. इतरांच्या घरी ‘कोण जिंकेल?’ एवढेच विचारतात. आपल्याकडे त्याआधी ‘तू कोणाकडून?’ असे विचारले जाते. २०२५ पर्यंत हे दोन संघ प्ले-ऑफमध्ये दोनदा समोरासमोर आले. २६ मे २०२३ रोजी अहमदाबादला गुजरात ६२ धावांनी जिंकला, आणि ३० मे २०२५ रोजी पंजाबात मुल्लांपूरला मुंबई २० धावांनी जिंकली. म्हणजे हिशेब सध्या बरोबरीत आहे.

हा पाठ दोन्ही बाजूंच्या मुलांसाठी आहे. आधी गणित करू, मग बाजूचे पाहू. दहावीच्या विद्यार्थ्यांना संभाव्यता हे प्रकरण आहेच. त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. लहान वर्गांतील मुलांना अपूर्णांकांचा गुणाकार येत असेल तरी पुरे.

२०१० पर्यंत आयपीएलमध्ये साधी उपांत्य फेरी होती. चार संघ, दोन सामने, हरला तो घरी. २०११ पासून पद्धत बदलली. आता गुणतक्त्यातील पहिला व दुसरा संघ ‘क्वालिफायर १’ खेळतात. त्यात जिंकणारा थेट अंतिम सामन्यात जातो. हरणारा मात्र बाहेर पडत नाही, त्याला आणखी एक संधी मिळते. तिसरा व चौथा संघ ‘एलिमिनेटर’ खेळतात, आणि तिथे हरणाऱ्याची स्पर्धा संपते. मग क्वालिफायर १ मध्ये हरलेला आणि एलिमिनेटर जिंकलेला असे दोघे ‘क्वालिफायर २’ मध्ये भेटतात. ही युक्ती मूळची क्रिकेटची नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताच्या फुटबॉल लीगमध्ये ती १९३१ पासून वापरात आली.

आता समजा, चारही संघ सारख्या ताकदीचे आहेत आणि प्रत्येक सामन्यात दोघांनाही जिंकण्याची संधी १/२ आहे. पहिल्या क्रमांकाचा संघ विजेता होण्याचे दोन मार्ग आहेत. क्वालिफायर १ जिंकून अंतिम सामना जिंकणे, म्हणजे १/२ × १/२ = १/४. किंवा क्वालिफायर १ हरून, क्वालिफायर २ जिंकून, मग अंतिम सामना जिंकणे, म्हणजे १/२ × १/२ × १/२ = १/८. दोन्हींची बेरीज ३/८. दुसऱ्या क्रमांकाच्या संघाचेही तेच. तिसऱ्या आणि चौथ्या संघाला मात्र एकच मार्ग: तीन सामने, तिन्ही जिंकायचे, म्हणजे १/८. ताळा करून पाहा: ३/८ + ३/८ + १/८ + १/८ = १. बरोबर आले.

दुसरा आणि तिसरा या दोन क्रमांकांत गुणतक्त्यावर एका ओळीचे अंतर दिसते. संधीत तिप्पट फरक आहे. २०२५ मध्ये गुजरातच्या पाठीराख्यांना हे फार कडू रीतीने समजले. साखळीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत गुजरात गुणतक्त्यात वर होता. मग घरच्याच मैदानावर, अहमदाबादला, २२ मे रोजी लखनौकडून आणि २५ मे रोजी चेन्नईकडून हार पत्करावी लागली. चेन्नई त्या वर्षी तळाला होती, आणि तिने ८३ धावांनी हरवले! गुजरात तिसरा झाला, दुसरी संधी गेली, आणि समोर एलिमिनेटरमध्ये मुंबई उभी. त्या रात्री मुंबईने २२८ धावा केल्या, रोहित शर्माने ८१. गुजरातकडून साई सुदर्शन आणि वॉशिंग्टन सुंदर सामना खेचत होते. तेवढ्यात बुमराहच्या यॉर्करवर सुंदरचा त्रिफळा उडाला आणि बाजी फिरली. डाव २०८ वर थांबला.

२०२३ मध्ये हेच गणित गुजरातच्या कामी आले होते. तेव्हा गुजरात पहिला होता, मुंबई चौथी. गुजरात क्वालिफायर १ मध्ये चेन्नईकडून हरला, पण पहिल्या दोनांत असल्यामुळे शिल्लक राहिला. मग शुभमन गिलने ६० चेंडूंत १२९ धावा केल्या, मोहित शर्माने अवघ्या १० धावांत ५ बळी घेतले आणि मुंबई घरी गेली. अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार-चौकार मारून चेन्नईला जिंकवले ते आपल्या सौराष्ट्राच्या रवींद्र जडेजाने. हे पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवा.

हिशेब प्रत्यक्षाशी जुळतो का? २०११ ते २०२५ या १५ हंगामांपैकी १४ वेळा पहिल्या दोन संघांतलाच कोणीतरी विजेता झाला. तिसऱ्या क्रमांकावरून एकदाच, २०१६ मध्ये, सनरायझर्स हैदराबाद जिंकले. चौथ्यावरून कोणीच नाही. आपल्या हिशेबाने खालच्या दोघांना मिळून १/४ संधी, म्हणजे १५ पैकी साधारण तीन-चार वेळा यश यायला हवे होते. ते एकदाच आले. याचे एक कारण उघड आहे: आपण सर्व संघ सारखे धरले, आणि ते सारखे नसतात. पण केवळ १५ वेळच्या खेळावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, हेही याच प्रकरणात शिकवले जाते. (हे अपूर्णांक घेऊन कोणी पैसे लावायला निघेल, तर त्याने गणित समजून घेतलेले नाही, इतकेच म्हणतो. पालकांनीही मोबाईलवर लक्ष ठेवावे.)

‘प्ले-ऑफ’ हा शब्द आपल्याकडे आला अमेरिकेतल्या खेळांतून. ज्यांचे काका-मावशी न्यू जर्सीकडे आहेत त्यांनी बास्केटबॉलच्या एनबीए स्पर्धेविषयी ऐकले असेल. तिथे बाद फेरीत एका सामन्याने निकाल लागत नाही. दोन संघांत सात सामन्यांची मालिका असते आणि चार सामने आधी जिंकेल तो पुढे जातो. यामागेही गणित आहे. समजा, एक संघ थोडा सरस आहे आणि प्रत्येक सामन्यात त्याला जिंकण्याची संधी ६० टक्के आहे. एकच सामना ठेवला तर ६० टक्केच. तीन सामन्यांची मालिका ठेवली तर सुमारे ६५, पाचांची ठेवली तर ६८, आणि सातांची ठेवली तर ७१ टक्के. सामने वाढवले की नशिबाचा वाटा घटतो. आपल्या आयपीएलमध्ये दोन महिन्यांच्या मेहनतीचा निकाल एका संध्याकाळी लागतो. एक झेल सुटतो, थोडे दव पडते, नाणेफेक विरुद्ध जाते, आणि सगळे संपते. म्हणून आपल्याकडे सामन्याआधीची धडधड जास्त असते. तिकडे दोन आठवडे रोज थोडी थोडी असते.

तिकडची सर्वांत गाजलेली जोडी बोस्टन सेल्टिक्स आणि लेकर्स यांची. १९५९ ते २०१० या काळात ते अंतिम मालिकेत १२ वेळा भेटले. ९ वेळा बोस्टन जिंकले, ३ वेळा लेकर्स. ‘लेकर्स’ या नावात तळे आहे, पण लॉस एंजेलिस काही तळ्यांसाठी प्रसिद्ध नाही. हा संघ मूळचा मिनियापोलिसचा, म्हणजे तळ्यांच्या मुलखातला. १९६० मध्ये तो बिऱ्हाड उचलून लॉस एंजेलिसला गेला आणि जुन्या गावाचे नाव बरोबर घेऊन गेला. आता तिथले लोक ते नाव आपलेच म्हणून ओरडतात.

इथे आपण बाजूच्या प्रश्नाकडे येतो.

प्ले-ऑफ मे महिन्याच्या अखेरीस येतात, आणि तेव्हा आपली शाळा सुट्टीवर असते. आपल्यापैकी बरेच जण ताप्ती लाईनच्या गाडीने नंदुरबार, धुळे, जळगावकडे गावी गेलेले असतात; लग्नसराई असते. मामाच्या ओट्यावर टीव्ही लावून सामना पाहताना सुरतेचा भाचा गुजरातच्या चौकारावर टाळी वाजवतो, आणि कोणीतरी म्हणते, ‘हा तर गुजराती झाला!’ हाच मुलगा उधना किंवा लिंबायतच्या गल्लीत मुंबईच्या षटकारावर नाचला, तर तिथे ऐकावे लागते, ‘राहतो इथे आणि गातो तिथले.’ म्हणणारे गमतीनेच म्हणतात. पण बारा वर्षांच्या मुलाला ती गंमत नेहमीच गंमत वाटत नाही. वर्गात मुले हे सांगतात तेव्हा त्यांच्या आवाजावरून ते कळते.

म्हणून थोडी माहिती देतो. ती मामाच्या ओट्यावरही उपयोगी पडेल. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि जळगाव एकाच मुंबई राज्यात होते. तरी त्या काळातही रणजी करंडकात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात आणि बडोदा असे वेगवेगळे संघ खेळत. क्रिकेटची सीमा राज्याच्या सीमेप्रमाणे कधीच नव्हती. आजही महाराष्ट्रात तीन रणजी संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. गुजरातमध्येही तीन: गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र. खानदेशातले जिल्हे येतात ते महाराष्ट्राच्या संघात, मुंबईच्या नव्हे. तेव्हा जो खानदेशी मामा ‘आपली मुंबई’ म्हणतो, त्याच्या गावचा मुलगा रणजी खेळला तर कदाचित मुंबईविरुद्धच खेळेल!

जानेवारी २०१७ मध्ये इंदूरला रणजीचा अंतिम सामना झाला, गुजरात विरुद्ध मुंबई. मुंबईच्या नावावर तेव्हा ४१ विजेतेपदे होती, गुजरातच्या नावावर एकही नाही. गुजरात त्याआधी १९५०-५१ मध्ये अंतिम सामन्यात पोचला होता आणि होळकर संघाकडून हरला होता. शेवटच्या डावात ३१२ धावा हव्या होत्या. कर्णधार पार्थिव पटेलने १४३ धावा केल्या आणि गुजरात ५ गडी राखून जिंकला. ज्यांची बाजू मुंबईची होती त्यांनीही ती खेळी पाहून टाळ्या वाजवल्या असतील तर त्यांचे काही चुकले नाही.

खेळाडूंकडे पाहावे तर आणखी गंमत आहे. २०२५ मध्ये गुजरातच्या हातून सामना काढून घेणारा जसप्रीत बुमराह अहमदाबादचा. २०२३ मध्ये गुजरातसाठी शतक ठोकणारा गिल पंजाबचा. भरूच जिल्ह्यातल्या इखर गावचा मुनाफ पटेल रणजीत मुंबईकडूनही खेळला, महाराष्ट्राकडूनही आणि बडोद्याकडूनही.

आणि हार्दिक पंड्या तर सुरतेचाच. ११ ऑक्टोबर १९९३ चा त्याचा जन्म. मुलांना चांगले क्रिकेट शिकता यावे म्हणून वडिलांनी सुरतेतला धंदा सोडला आणि कुटुंब वडोदऱ्याला नेले. तिथे भारताचे माजी यष्टिरक्षक, वडोदऱ्याचे मराठी किरण मोरे यांच्या अकादमीत दोघे भाऊ शिकले. हार्दिक २०१५ मध्ये मुंबई इंडियन्सकडून पुढे आला. २०२२ मध्ये नव्याने आलेल्या गुजरात टायटन्सचा कर्णधार झाला आणि पहिल्याच वर्षी करंडक आणला. २०२३ च्या त्या क्वालिफायरमध्ये मुंबईला हरवणाऱ्या गुजरातचा कर्णधार तोच, आणि २०२५ च्या एलिमिनेटरमध्ये गुजरातला हरवणाऱ्या मुंबईचा कर्णधारही तोच. आपल्या गावच्या माणसाने दोन्ही बाजूंनी हा सामना जिंकला आहे.

मधल्या काळात त्याच्यावर जे गुदरले ते मात्र आपण विसरू नये. तो मुंबईकडे परतल्यावर २४ मार्च २०२४ रोजी अहमदाबादच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, कारण तो सोडून गेला होता. १ एप्रिल रोजी वानखेडेवर मुंबईच्या प्रेक्षकांनीही उडवली, कारण रोहितच्या जागी तो कर्णधार झाला होता. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा असे सांगावे लागले. दोन गावे, आणि दोन्हीकडे तो परका. तीन महिन्यांनी, २९ जून रोजी, टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक त्याच्याच हाती होते. १६ धावा वाचवायच्या होत्या आणि त्याने वाचवल्या. ४ जुलै रोजी त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. हा बदल मला तितकासा सुखाचा वाटत नाही. जिंकल्यावर आपला म्हणणे सोपे असते.

तेव्हा पुढच्या वेळी हे दोन संघ प्ले-ऑफमध्ये भेटतील तेव्हा ज्याने त्याने आपली बाजू खुशाल घ्यावी. एका घरात दोन बाजू असल्या तरी चालतील, आणि एका मुलाच्या मनात दोन असल्या तरी चालतील. पालकांना विनंती इतकीच, की त्यावरून त्याला कोणत्या गावचा ते ठरवायला लावू नये.

स्वाध्याय: पहिल्या क्रमांकाचा संघ प्रत्येक सामना ३/५ संभाव्यतेने जिंकतो असे माना आणि तो विजेता होण्याची संभाव्यता काढा. उत्तर निम्म्याहून किंचित जास्त यायला हवे. मग याच संघाला तिसऱ्या क्रमांकावर ठेवून तेच उदाहरण पुन्हा सोडवा, आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी लिहून सुट्टीनंतर गणिताच्या शिक्षकांना दाखवा.